तांब्याचा तळ

बोला, जय जय रामकृष्ण हरी!

अहो, जरा मोठ्यानं! मागच्या खांबापाशी बसलेली मंडळी अजून घरीच आहेत वाटतं. देह इथं आणि जीव कुकरच्या शिट्टीकडे! असू दे, असू दे. देवाला सगळं चालतं. मला चालत नाही! पुन्हा एकदा — जय जय रामकृष्ण हरी! हां. आता आलात.

पूर्वरंगात आपण दानाचा विचार केला. आता एक प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका, पदरात बांधून ठेवा. देवाला द्यायचं, किंवा आपल्या माणसाला द्यायचं — तर काय द्यायचं? माझ्याजवळ जे सगळ्यांत चांगलं आहे ते? की त्याला जे मानवेल ते?

"दोन्ही एकच की हो बाई!" — कोण बोललं? तुम्ही? बसा, बसा. एकच वाटतं ना? मलाही वाटायचं. कुडशेतला जाईपर्यंत वाटायचं! तबलजी, धरा जरा. हे पद माझंच आहे, मोडकंतोडकं, सांभाळून घ्या —

देते देते म्हणे हात, मागे काय ते न पाहे,
तहानल्या वासरापुढे पोळी घेऊन उभा राहे!

मंडळी, ऐका!

कुडशेत हे घाटाच्या पायथ्याचं गाव. मी तेव्हा ऐन उमेदीत होते, केस काळे होते. — हसता काय? होते! दर उन्हाळ्यात तिथल्या देवळात माझं कीर्तन असायचं आणि मुक्काम तांबटांच्या घरी. म्हणून सांगते ते ऐकीव नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गावची देवी कुंडाई. देवळाच्या आवारात कुंड, आणि कुंडात मासे. खडस म्हणतात त्यांना. सोनेरी खवले, मिशा असलेलं तोंड. पण गावात कुणी त्यांना मासे म्हणायचं नाही हं! 'आईची लेकरं' म्हणायचं. नदीतला मासा तव्यावर आणि कुंडातला देव्हाऱ्यात! माणसाला जमतं बरं का असं. म्हातारी माणसं सांगायची, पूर्वी हातभर लांबीची लेकरं होती, पायऱ्यांवर बसलं की बोटं चाटायला यायची. मी पाहिली तेव्हा वीतभरच्या वर एकही नव्हतं. आणि होती तीही थोडकीच.

त्या वर्षी झालं काय, कुंडाची एक भिंत आत ढासळली. पाणी झिरपून जायला लागलं. गवंड्यानं पाहिलं आणि म्हणाला, "कुंड पुरतं उपसावं लागेल. पाया नवा. पावसाच्या आत काम झालं नाही तर कुंड गेलं म्हणा."

उपसा हो! पण लेकरांना ठेवायचं कुठं? नदीत? शिमगा झाला की कुडशेतच्या नदीत वाळूशिवाय काही उरत नाही.

देवळात सभा बसली. देवस्थानचे अध्यक्ष अण्णा खोत. मोठा माणूस, मोठा आवाज. म्हणाले, "घरोघर वाटून घेऊ. प्रत्येकानं एक बादली."

तोच बायकांच्या बाजूनं आवाज आला, "बादलीत दोन दिवस जगायची नाहीत ती."

सगळ्या माना वळल्या. कोण होती? गोदाक्का! तांबटांची सून. ठेंगणी, सावळी, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि बोलणं कधी अडखळलं नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून रोज सकाळी कुंडावर जाऊन कणकेच्या गोळ्या टाकायची. स्वतःला मूलबाळ नव्हतं. तेवढं सांगितलं म्हणजे पुरे, नाही का?

"मग कुठं ठेवायची?" अण्णा म्हणाले.

"आमच्या पडवीत. मी हौद करते. काचेचा."

हशा पिकला. "काचेचा! अगं, ती काय शोभेची बाटली आहे?"

"सिमेंटचा हौद मी बांधून देतो की," अण्णा म्हणाले. "चार दिवसांत!"

"अण्णा, तुमच्या घरी नवा हौद बांधलात तेव्हा त्यातलं पाणी पहिल्या दिवशी प्यायलात का? भरलंत, ओतलंत, पुन्हा भरलंत. चुना उतरायला किती दिवस गेले! तेवढी सवड कुंडाला नाही. आणि सिमेंटच्या हौदात वरून दिसतं काय? एखादं लेकरू कोपऱ्यात जाऊन आजारी पडलं तर मला कळणार कसं? मला ती बाजूनं दिसली पाहिजेत."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले — आणि मंडळी, इथं लक्ष द्या हं — म्हणाले, "आणि तुझ्या हातून एखादं दगावलं तर?"

गोदाक्का उभी राहिली. म्हणाली, "माझ्या हातून एक जरी लेकरू गेलं, तर आईच्या देवळाची पायरी मी चढणार नाही. कधीच."

 कुडशेतात शब्द म्हणजे शब्द. तिथं आपल्यासारखं नसतं — "बघू, फोन करते!"

झालं. गोदाक्का कामाला लागली. आता तुम्हाला वाटेल, काचेचा हौद करायचा त्यात काय! काच आणायची, चिकटवायची! अहो, इथेच तर सगळी मौज आहे. प्रत्येक जिनसाला तिनं विचारलं — तू माझ्या लेकरांना मानवशील का? महाग आहेस का, देखणी आहेस का, कुणाच्या आहेराची आहेस, हे नाही विचारलं. मानवशील का!

पहिली काच. तिचा नवरा नरहरी एसटीत कंडक्टर. वडिलांचा धंदा सोडून तिकिटं फाडायला गेला म्हणून बापाशी जरा अबोला. बायकोशी मात्र अबोला करायची त्याची छाती नव्हती! दोघं तालुक्याला कासमभाई काचवाल्याकडे गेली. गोदाक्कानं हात पसरून माप सांगितलं. इतकं लांब, इतकं रुंद आणि इतकं उंच, कमरेएवढं!

कासमभाई म्हणाले, "भाभी, लांबी कितीही करा. पाणी लांबीनं दाबत नाही, उंचीनं दाबतं. कमरेएवढं पाणी भराल तर अशी जाड काच लागेल की उचलायला गाव लागेल."

नरहरी म्हणाला, "मग जाड घेऊ. देवाचं काम आहे!"

गोदाक्का थांबली. विचार करून म्हणाली, "लेकरं उभी पोहतात की आडवी?"

"आडवी."

"मग उंची हवी कुणाला? बघणाऱ्याला! कमरेएवढा हौद गावाला देखणा दिसेल म्हणून मी उंच धरला होता." आणि तिथल्या तिथं माप बदललं. लांब, रुंद, पण पाणी मांडीएवढंच. पसरट! आठ फुटी काच, जाडी बेताची, आणि वरून आडव्या काचेच्या पट्ट्या, बाजू फाकू नयेत म्हणून. आपली हौस पहिल्या फेरीतच दुकानात ठेवून आली बाई! आपण दुकानातून काय आणतो? हौसच आणतो!

काच एसटीच्या टपावरून आली. खाली गादी, वर गादी, मध्ये देवीची काच. ड्रायव्हर म्हणाला, "नरहरी, आज गाडी चालवतोय की पाळणा हलवतोय?"

सांधायला काय? गावचा सुतार म्हणाला, खिडकीला लावतो ती लांबी-पुट्टी लाव. त्यात सफेदा असतो, शिशाचा, विषारी; तिनं नाकाला लावून पाहिलं आणि परत केलं. शेवटी रंगीत मासे विकणाऱ्या शहरातल्या एका दुकानातून नळी मागवली, सिलिकॉन म्हणतात ते. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक न्हाणीघरासाठी, त्यात बुरशी मारायचं औषध. पांढरंशुभ्र, दिसायला छान! दुसरं साधं. गोदाक्का म्हणाली, "जे बुरशीला मारतं ते लेकरांना कुरवाळणार आहे होय? साधं द्या."

काचेखाली अंथरायला काय? दगडी कट्ट्यावर काच नुसती ठेवली तर खडा टोचून तडकायची. कुणी गोधडी म्हणालं, ओलीनं कुजेल. तिनं गेल्या गणपतीच्या मखराचा थर्माकोल काढला! गणपतीबाप्पा उठले आणि मासे बसले!

आणि वाळू! वाळूची तर गंमत. कुणी देवळाच्या फरशीतले संगमरवराचे तुकडे दिले — "शोभेल गं!" हिनं काय करावं? लिंबू कापलं आणि प्रत्येक दगडावर पिळत बसली. पिळायची आणि कान लावायची. शेजारीण बघते तर ही बाई दगडावर लिंबू पिळतेय! शेजारणीनं जाऊन आपल्या सासूला सांगितलं, "गोदाक्का दृष्ट काढतेय बहुतेक!" संध्याकाळपर्यंत आणखी दोघीजणी लेकरं घेऊन दारात — "आमच्याही बाळाची काढ!" अहो, फेस येतो का ते बघत होती ती! फेस आला की दगडात चुना. पाणी जड होणार. संगमरवर फसफसला. बाहेर! नदीची साधी काळी वाळू गप्प बसली. ती घेतली, आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुतली.

आता पुढे ऐका. कारण गोष्टीचा जीव इथे आहे.

हौद होईपर्यंत लेकरांना घरच्या पाण्याची सवय होईल का, घरचं खाणं खातील का, ते बघायला गोदाक्कानं कुंडातली अगदी लहान, बोटाएवढी तीन पिल्लं घरी आणली. ठेवली कशात? तांबटांचं घर ते! घरातलं सगळ्यांत चांगलं, सगळ्यांत शुद्ध भांडं कोणतं? तांब्याचं घंगाळ. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. आपण नाही का तांब्याच्या कलशातलं पाणी पीत? वैद्य सांगतात ना? देवाचं तीर्थ कशात? तांब्यात! मग देवाची लेकरं कशात ठेवायची? तुम्ही कशात ठेवली असती? खरं सांगा! मी तर तांब्यातच ठेवली असती.

सकाळी उठून बघते तर तिन्ही पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

ती घंगाळापाशी बसून राहिली. दोन्ही हात मांडीवर. मी ओसरीवर होते. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही ताई. मला आधी समजून घेऊ दे." रडली नाही. पिल्लं चाफ्याखाली पुरली. आणि घंगाळ हातात घेऊन, आत वाकून बघत, बराच वेळ उभी राहिली.

आणि त्याच आठवड्यात — हाय रे दैवा! — तिच्या सासऱ्यांनी आपला आहेर उघडा केला.

सासरे म्हणजे दाजिबा तांबट. कुडशेतच्या देवळातली प्रत्येक घागर, प्रत्येक ताम्हण, कळसावरचा पत्रासुद्धा त्यांच्या हातचा. आयुष्यभर ठोकून ठोकून कान गेलेले. "दाजिबा, जेवलात का?" म्हटलं की म्हणायचे, "हो, पाऊस पडेल!" हात मात्र अजून पक्के. सून हौद करतेय म्हटल्यावर म्हातारा मागच्या शेडमध्ये दार लावून बसला होता. दिवसभर ठक ठक ठक. आम्हाला वाटायचं, परात करतायत कुणाच्या लग्नाची.

देवळापुढे वाजंत्री लावली. गाव जमला. चादर ओढली आणि काय सांगू मंडळी! तांब्याचा तळ! हौदाच्या मापाचा, आठ फुटी, अखंड दिसावा असा सांधलेला, कडेला वळवलेली पन्हळ, आणि सगळ्या अंगावर हातोडीचे बारीक ठसे, जणू खवलेच! उन्हात असा पेटला की लोकांनी डोळ्यांवर हात धरले.

दाजिबा म्हणाले, "ही माझी शेवटची कामगिरी. आता हात थांबवणार. बाजूला सुनेची काच असू दे, तळ आपला. आईची लेकरं तांब्यावर खेळतील!"

अण्णा खोतांनी नारळ फोडला. बायकांनी ओवाळलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा!

आणि गोदाक्का?

आवाराबाहेर, पायरीच्या खाली उभी होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पिल्लं गेल्यापासून ती पायरी चढली नव्हती.

ती तिथूनच म्हणाली, मोठ्यानं, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून, "मामंजी! हा तळ पाण्यात जायचा नाही!"

वाजंत्री थांबली. सनईवाल्याचा सूर अर्ध्यात तुटला.

"काय म्हणते ती?" दाजिबांनी विचारलं.

"तांबं लेकरांना मानवत नाही, मामंजी!"

"मानवत नाही? तांबं? अगं, तीर्थ कशातलं पितेस तू?"

"ताक ठेवता का तांब्यात?"

"ताक आंबट. कळकणारच. कुंडाचं पाणी काय आंबट आहे?"

"माणसाला कळत नाही असं काहीतरी पाण्यात उतरतं. लेकरांना कळतं."

"कल्हई करतो मग! चांदीसारखी चकचकीत कल्हई!"

"वाळूनं घासून जाईल ती. लेकरं तळाशी तोंड घासतात दिवसभर."

अण्णा खोत पुढं आले. आवाज चढवला. "तुला कुणी सांगितलं हे सगळं? कोण तू? सासऱ्याचा भर गावात पाणउतारा करतेस?"

आता बघा, मंडळी. इथं ती गप्प बसू शकत होती. म्हणू शकत होती, शहरातल्या दुकानदारानं सांगितलं. कुणी तपासायला गेलं नसतं. तीन पिल्लं चाफ्याखाली होती. कुणाला ठाऊक? मला, आणि तिला, आणि वरच्या आईला. पण नुसतं दुकानदाराचं नाव घेऊन तो तळ अडला नसता. तांब्यापुढे शहरातला दुकानदार काय लागून गेला!

ती म्हणाली, "मला तीन पिल्लांनी सांगितलं. मी घंगाळात ठेवली होती. माझ्या हातानं. एका रात्रीत गेली. माझा शब्द होता, तो मी पाळला आहे. म्हणून पायरीखाली उभी आहे. पण ती तिघं ज्यानं गेली, त्यात बाकीची मी घालू देणार नाही."

कुजबुज उठली. "गेली? आईची लेकरं?" "हिच्या हातून?" एक बाई तर पदर तोंडाला लावून बाजूला झाली, जणू विटाळच!

दाजिबांना कुणीतरी कानात ओरडून सांगितलं. म्हातारा पायरीपर्यंत आला. "घंगाळ माझ्या हातचं आहे," म्हणाला. "माझ्या भांड्यानं कुणी मेलं नाही आजवर. तू राख नीट धुतली नसशील. साबण राहिला असेल."

"असेल. मग दाखवा मला, मामंजी. तुमच्या हातानं धुवा. तुमची सगळ्यांत चांगली घागर घ्या."

आणि म्हाताऱ्यानं घेतली हो! कुंडातलं पाणी एका मातीच्या मडक्यात आणि एका तांब्याच्या घागरीत, स्वतः घासलेल्या. मासे नाही टाकले, ते गोदाक्कानं टाकू दिले नसते. कुंडाच्या भिंतीवरच्या शंखगोगलगायी असतात ना, काळ्या, त्या टाकल्या. मूठभर यात, मूठभर त्यात. आणि दोन्ही भांड्यांपाशी दाजिबा स्वतः अंथरूण टाकून झोपले. राखण! सुनेवर भरवसा नाही आणि आपल्या तांब्यावर मात्र पुरता.

सकाळी मडक्यातल्या गोगलगायी काठापर्यंत चढून आल्या होत्या, शिंगं काढून, ऐटीत. घागरीतल्या सगळ्या तळाशी. दार लावून. म्हाताऱ्यानं एक उचलली, तळहातावर घेतली, वाट बघितली. बराच वेळ बघितली. ती काही बाहेर आली नाही.

दाजिबा उठले. घागर उपडी केली. त्या दिवशी जेवले नाहीत.

सांगा बरं, त्या म्हाताऱ्यानं काय वाईट केलं होतं? काही नाही! जीव ओतला होता. जे सगळ्यांत चांगलं, तेच दिलं होतं. आणि तेच नको झालं! असं झालं की माणूस काय करतो? रुसतो. "एवढं केलं आणि किंमत नाही!" करतो की नाही? तुमच्या घरी नाही कुणी असं रुसून बसलेलं? मान हलवू नका, शेजारीच बसलेत ते!

दुसऱ्या दिवशी गोदाक्का ताट घेऊन शेडमध्ये गेली. मी दारात उभी. दाजिबा तळाकडे पाठ करून बसलेले.

म्हणाले, "मग माझ्याकडनं काहीच नको ना तुला?"

"हवं आहे, मामंजी."

"काय? तांबं नको, पितळ नको. पितळेतही तांबंच. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"हात."

"काय?"

"हात!" ती कानाशी ओरडली. "कट्टा सपाट आहे का मला कळत नाही. गवंडी दोरी लावून सपाट म्हणतो. माझं मन मानत नाही. हजार लिटर पाणी त्यावर बसणार. एवढासा उंचवटा राहिला तरी काच तडकेल. पत्र्यातला केसाएवढा पोचा तुम्ही डोळे मिटून शोधता. कट्टा बघा ना माझा."

 म्हाताऱ्यानं हात धुतले. जेवला आधी. हो, जेवला! आणि पडवीत आला. डोळे मिटले, आणि बोटांचे शेंडे दगडावरून असे फिरवायला लागला, जणू नातवाची पाठ चोळतोय. मध्येच थांबला. "इथे." पुढे गेला. "इथे." जिथे गवंड्याला काही दिसलं नव्हतं, तिथे! छिन्नी मागवली. दोन दिवस तो दगड घासत बसला, तांब्याच्या तळासाठी बसला होता तसाच.

मग काच बसली, सांधली, वाळली. त्या सिलिकॉनचा आंबूस वास गेला. पाणी भरायला घेतलं. आधी लेकरं नाहीत, नुसतं पाणी. सगळा गाव पडवीत! घागर रिती होते, पाणी चढतं. नरहरी देवाचं नाव घेतोय. अर्ध्यावर आलं तशी वरची पट्टी कुरकुरली. बायका मागे सरल्या! गोदाक्का सांध्याला गाल लावून बसली, ओल लागते का बघत. दाजिबा काचेखाली हात घालून बसले, थर्माकोल कुठे दबतो का चाचपत.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

"भरा!" तो म्हणाला.

आणि हौद भरला! एक थेंब गळला नाही. दिवसामागून दिवस तसाच ठेवला, मग लेकरं आणली, मातीच्या मडक्यांतून. पाण्यात हवा मिसळावी म्हणून वर एक गळतं मडकं टांगलं, पिंडीवर असतं ना अभिषेकाचं, तसं. पण मातीचं हं! तांब्याचं नाही!

त्या उन्हाळ्यात अख्खं कुडशेत तांबटांच्या पडवीत बसलं. माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा आपली लेकरं बाजूनं पाहिली. अण्णा खोतसुद्धा येऊन बसायचे. म्हणायचे, "त्या मोठ्याच्या मिशा अगदी माझ्यासारख्या आहेत." त्यावर दाजिबा म्हणायचे, "हो, पाऊस पडेल!"

इकडे कुंड उपसलं. तळाचा गाळ निघाला आणि गाळातून काय निघालं? पाट्यांच्या पाट्या, हिरवेगार झालेले तांब्याचे पैसे! तांब्याचे नाग! पिढ्यान्‌पिढ्या नवस फेडायला आईच्या पाण्यात टाकलेले. दाजिबांनी त्यातला एक उचलला, अंगठ्यानं हिरवा थर खरवडला. म्हणाले, "हातभर लांबीची लेकरं कुठं गेली म्हणत होतो आपण." बस, एवढंच. त्यानंच गेली का? मी कोण सांगणार! पण म्हाताऱ्याला जे वाटलं ते वाटलं.

पाऊस आला; मी काही त्या वर्षी मुक्काम हलवला नाही. कुंड भरलं, निवळलं. लेकरांना परत न्यायचा दिवस ठरला. पुन्हा वाजंत्री. आणि बघा, हौदात आल्यापासून उन्हाळाभर एकही दगावलं नव्हतं! मडकी भरून मिरवणूक निघाली. पहिलं मडकं गोदाक्काच्या डोक्यावर. आवाराशी आली — आणि थांबली. पायरीखाली. मडकं नरहरीच्या हातात द्यायला लागली.

अण्णा खोत म्हणाले, "ये गं वर. झालं गेलं. मी सांगतो ना!"

"तुम्हाला नव्हता दिला शब्द, अण्णा. आईला दिला होता. मी पायरी चढणार नाही."

बायका रडायला लागल्या. जी तेव्हा पदर लावून बाजूला झाली होती ती सगळ्यांत मोठ्यानं! पण गोदाक्का हलेना. हट्टीच ती!

इतक्यात मागून आवाज आला, "सरका! सरका!"

दाजिबा! आणि त्यांच्यामागे चार जण खांद्यावर काहीतरी घेऊन. तो तळ! तांब्याचा तळ, घासून लखलखीत केलेला. दाजिबांनी खूण केली आणि त्यांनी तो देवळाच्या त्या रुंद पायरीवर अंथरला. कडेपासून कडेपर्यंत. पायरी दिसेनाशी झाली! दाजिबा वाकले, हातानं चाचपून पाहिलं, कुठे डगमगतो का.

कुणीतरी पुटपुटलं, "देवाचं तांबं, सुनेच्या पायाखाली?"

म्हाताऱ्याला नेमकं तेवढंच ऐकू आलं! वळून म्हणाला, "मी आयुष्यभर न विचारता दिलं. या खेपेला विचारून देतोय." आणि सुनेकडे वळून म्हणाला, "गोदे, तुझा शब्द मोडायचा नाही. तुला पायरीला पाय लावायचा नाही ना? मग हे चालेल का तुला?"

विचारलं हो त्यानं! चालेल का तुला!

गोदाक्काचा पदर पहिल्यांदा ढळला. दोन्ही हात मडक्याला होते, सावरणार कशानं? तशीच उभी राहिली, डोळ्यांतून पाणी, डोक्यावर लेकरं. मग तिनं पायानंच चप्पल सारली, पाय लुगड्याच्या काठाला पुसला आणि त्या तळावर टेकवला. हातोडीच्या त्या खवल्यांवर. आणि चढली!

बोला — कुंडाई मातेचा विजय असो!

मंडळी, तो तळ अजून तिथंच आहे. पायरीला खिळे मारून बसवलाय. नवसाचा पैसा आता त्यावर ठेवायचा, पाण्यात नाही. दाजिबा असेपर्यंत तिथंच काठी घेऊन बसायचे. कुणी परगावचा भाविक कुंडात नाणं टाकायला निघाला की काठी आडवी घालायचे. "अहो आजोबा, देवीला देतोय!" "देतोयस ते दिसतंय. तिला विचारलंस का?"

आता तुमची पाळी. पदरात बांधलेला प्रश्न सोडा. तुम्ही देता, मला माहीत आहे! मुलाला शहरातला महागडा क्लास देता. आईला गावाकडे गुडघे दुखत असताना मऊ सोफा पाठवता, आणि ती बिचारी त्यातून उठू शकत नाही म्हणून जमिनीवर बसते! नवऱ्याला पथ्याचं सोडून तुपातला शिरा देता, कारण तुमच्या हातचा शिरा गावात नावाजलेला! देता, जीव ओतून देता. तांबंच देता सगळे! आणि घेणारा तळाशी दार लावून बसला की रुसता.

आता आरती होईल. ताट फिरेल. त्यात काय टाकायचं ते टाका, मी बघणार नाही. पण आज घरी गेल्यावर, चप्पल काढायच्या आधी, दारातूनच एकाला तरी विचारा. बायकोला विचारा, सासूला विचारा, त्या रुसलेल्याला विचारा. मोठ्यानं विचारा, ऐकू जाईल असं —

"तुला काय हवं गं?"

आणि मग, मंडळी, उत्तर येईपर्यंत तिथंच उभे राहा.

जय जय रामकृष्ण हरी!